सोप्या पुस्तकाची लाज

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने मला एकदा तिच्याकडची लेखाची छापील प्रत दाखवली. अर्थशास्त्राच्या विषयाला नेमलेला वीस पानांचा इंग्रजी लेख. पहिल्या पानावर ओळीओळीच्या वर पेन्सिलीने बारीक अक्षरात शब्दांचे अर्थ लिहिले होते, इतके दाट की मूळ छपाई त्याखाली दबून गेली होती. दुसऱ्या पानावर पेन्सिल जरा विरळ झाली होती. तिसऱ्या पानाच्या मध्यावर शेवटचा अर्थ होता आणि तिथून पुढची सगळी पानं कोरी करकरीत. पुढचं न अडखळता समजलं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "नाही मॅडम, पुढे वाचलंच नाही. परीक्षेसाठी नोट्स आहेत ना."

त्या अडीच पानांतलं एक वाक्य मी तिला समजावून सांगायला लावलं. उत्पन्नातल्या फरकापैकी अर्धा फरक शिक्षणामुळे पडतो, एवढाच त्याचा अर्थ होता. इंग्रजीत तिथे 'अकाउंट्स फॉर' असा प्रयोग होता. तिने 'अकाउंट'च्या डोक्यावर 'खाते' असं लिहून ठेवलं होतं. 'फॉर', 'हाफ', 'डिफरन्स' हे शब्द तिला शाळेपासून ठाऊक. म्हणजे तिच्या हिशेबाने त्या वाक्यात अवघड असं काही उरलंच नव्हतं, आणि तरीही वाक्य हाती लागत नव्हतं. शिक्षणासाठी बँकेत खातं उघडण्याबद्दल काहीतरी असावं, असा तिचा अंदाज होता.

ही मुलगी आळशी नव्हती. अडीच पानांसाठी तिने अख्खी संध्याकाळ खर्ची घातली होती. म्हणूनच ती प्रत माझ्या मनातून जात नाही. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचा विषय निघाला की हल्ली कोणी वाचत नाही, कोणाला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत, असं आपण सर्रास म्हणतो. मला हे निदानच चुकीचं वाटतं. विद्यार्थी विद्यापीठात पाऊल टाकतो त्या दिवसापासून आपण त्याच्या हातात त्याला न झेपणारं वाचन देतो, तेही थोडंसं. मग त्यावर न झेपणारं लेखन मागतो, तेही केवळ गुणांसाठी. सोपं आणि भरपूर वाचायला द्यायची विद्यापीठाला लाज वाटते. ती सोडल्याशिवाय वाचन रुजणार नाही आणि लेखनही सुधारणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

'झेपणं' म्हणजे नेमकं काय, हे आधी पाहू. न्यूझीलंडमधले भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी शब्दसंग्रहाच्या अभ्यासात आयुष्य घातलं. हू नावाच्या संशोधक विद्यार्थिनीबरोबरचा त्यांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात एकच गोष्ट वेगवेगळ्या गटांना अनोळखी शब्दांचं प्रमाण कमीजास्त करून वाचायला दिली होती. शंभरातले ८० शब्द ओळखीचे होते त्या गटात कोणालाच गोष्ट पुरेशी समजली नाही. कोणाच्या मदतीशिवाय, निवांतपणे वाचायचं तर शंभरातले सुमारे ९८ शब्द ओळखीचे लागतात, असा निष्कर्ष त्यातून निघाला. तीनशे शब्दांचं पान धरलं तर ९८ टक्के म्हणजे पानावर सहा अनोळखी शब्द. ९० टक्के म्हणजे तीस. सहा शब्दांचा अंदाज आजूबाजूच्या वाक्यांवरून बांधता येतो. तीस शब्द अनोळखी असले की ज्यांच्या आधाराने अंदाज बांधायचा तेच शब्द परके निघतात, आणि वाचणारा कोशाकडे वळतो. कोश त्याला 'अकाउंट'चा अर्थ 'खाते' असा सांगतो.

नेशन यांच्याच २००६ सालच्या हिशेबानुसार इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र त्या ९८ टक्क्यांच्या पातळीवर वाचायला ८,००० ते ९,००० शब्दकुटुंबं यावी लागतात. शब्दकुटुंब म्हणजे 'डिसाइड', 'डिसायडेड', 'डिसायडिंग' अशी एका शब्दाची सगळी रूपं मिळून एक. आता विद्यापीठातला विद्यार्थी कुठे आहे ते पाहा. मायकेल वेस्ट या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञांनी १९५३ साली इंग्रजीतल्या सर्वाधिक उपयोगाच्या सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. शालेय इंग्रजी नीट झालेल्या विद्यार्थ्याला साधारण एवढे शब्द यावेत अशी अपेक्षा असते. विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची आणखी एक यादी अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या भाषासंशोधिकेने २००० साली तयार केली. त्यासाठी त्यांनी निरनिराळ्या विद्याशाखांमधला सुमारे ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासला होता. त्या मजकुरातला तीन चतुर्थांशाहून थोडा अधिक भाग वेस्ट यांच्या यादीने व्यापला आणि या ५७० शब्दांनी त्यात सुमारे १० टक्क्यांची भर घातली. दोन्ही मिळून जेमतेम ८६ टक्के.

म्हणजे दोन्ही याद्या पाठ असलेल्या, अत्यंत मेहनती विद्यार्थ्याच्या पुढ्यातही शंभरातले चौदा शब्द परके राहतात. तीनशे शब्दांच्या पानावर बेचाळीस. त्यातली काही विशेषनामं असतील, काही त्या विषयाच्या संज्ञा असतील आणि त्या वर्गात शिकवल्या जातील. निम्मे वजा करा, तरी एकवीस उरतात. पहिल्या वर्षाच्या किती विद्यार्थ्यांना त्या दोन्ही याद्या पाठ असतात, हे शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

वेगाचा प्रश्न याहून कमी बोलला जातो आणि मला तो जास्त गंभीर वाटतो. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी आधीचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ साली दाखवलं की इंग्रजी माहितीपर मजकूर मनातल्या मनात वाचताना प्रौढ माणसाचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे २३८ शब्द असतो. माझ्या वर्गात मी घड्याळ लावून पाहते तेव्हा इंग्रजी शिकणाऱ्यांपैकी पुष्कळांचा वेग ऐंशी-नव्वदवर अडकलेला असतो. दहा हजार शब्दांचा लेख एकाला बेचाळीस मिनिटं घेतो, दुसऱ्याला दोन तास, तेही कोश न उघडता. वेळ जातो हे एक झालं. त्याहून वाईट म्हणजे एवढ्या संथ गतीने वाचताना वाक्याच्या शेवटाशी पोचेपर्यंत त्याची सुरुवात निसटलेली असते. 'जरी' ने सुरू झालेलं वाक्य 'तरी'पर्यंत पोचता पोचता त्यातला 'जरी' हरवतो. मग विद्यार्थी मागे जातो, पुन्हा वाचतो, पुन्हा निसटतं. तिसऱ्या पानावर तो थांबला तर त्याचं नवल वाटायला नको.

वेग शिकवता येत नाही. तेच ते शब्द, त्याच त्या वाक्यरचना शेकडो वेळा डोळ्यांखालून गेल्या की शब्द 'ओळखावा' लागत नाही, तो नुसता दिसतो. चेहऱ्यांचं जसं होतं तसंच. आणि शब्द शेकडो वेळा डोळ्यांखालून जायला हजारो पानं वाचावी लागतात. हजारो पानं कोणी वाचणार असेल तर ती सोपीच असली पाहिजेत. अवघड वाचनाने सोपं वाचन येत नाही, उलट्या दिशेने मात्र येतं. याला पुरावा आहे.

बेनिको मेसन या जपानमधल्या प्राध्यापिका. त्यांच्याकडे इंग्रजीत नापास होऊन तोच विषय पुन्हा घेतलेल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांचा वर्ग होता. त्यांनी नेहमीचा अभ्यासक्रम बाजूला ठेवला आणि या मुलांना मर्यादित शब्दसंख्येत लिहिलेली सोपी पुस्तकं भरपूर वाचायला दिली. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांच्याबरोबर त्यांनी १९९७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुरुवातीला हा वर्ग नियमित विद्यार्थ्यांच्या बराच मागे होता. सत्रअखेरीस त्याने ते अंतर जवळपास भरून काढलं. मला आकड्यांपेक्षा त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्यांना इंग्रजीचा तिटकारा बसला होता अशा बऱ्याच मुलांचा इंग्रजीकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला होता. त्याआधी १९८३ साली वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगूभाई या शिक्षणसंशोधकांनी फिजीतल्या ग्रामीण प्राथमिक शाळांमधला अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे वर्गावर्गात २५० गोष्टींची पुस्तकं देण्यात आली होती. ती मुलं वाचनात इतरांच्या मानाने सुमारे दुप्पट वेगाने पुढे गेली, आणि दुसऱ्या वर्षाअखेर तर त्यांचं लेखनही इतरांपेक्षा सरस निघालं. लेखनासाठी कोणी त्यांना वेगळं काही शिकवलं नव्हतं. ती लहान मुलं होती, विद्यापीठाचे विद्यार्थी नव्हते, हे मान्य. पण वाचलेलं लेखनात उतरतं, आणि उतरायला वेळ लागतो, ही बाब वयाप्रमाणे बदलत असेल असं मला वाटत नाही.

इतकं सगळं उघड असताना विद्यापीठात सोपी पुस्तकं का दिसत नाहीत? एका ग्रंथालयात ती मी पाहिली आहेत. कुलुपबंद कपाटात होती, वरच्या मजल्यावर, जुन्या नियतकालिकांच्या शेजारी. मर्यादित शब्दांत लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या, पातळीनुसार रंगीत पट्ट्या लावलेल्या. ती तळमजल्यावर, दारासमोर ठेवावीत अशी मी विनंती केली तेव्हा उत्तर आलं, "हे विद्यापीठाचं ग्रंथालय आहे, शाळेचं नाही." सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. विद्यापीठाची पातळी राखावी, असंच त्याला वाटत होतं. पण पातळी वाचकाची असते. कपाटातल्या पुस्तकांना पातळी देऊन वाचणाऱ्याला काही मिळत नाही. तिसऱ्या पानावर सोडून दिलेला जडजंबाल लेख विद्यार्थ्याला कोणत्या पातळीवर नेतो? आणि साठ पानांची सोपी कादंबरी शेवटपर्यंत वाचणारा विद्यार्थी नेमका कोणाची पातळी खाली आणतो?

ही लाज हळूहळू विद्यार्थ्यांतही मुरते. सोपं पुस्तक हातात दिलं की ते मुखपृष्ठ आत दुमडून धरतात. आपल्याला कमी लेखलं जातंय, असं त्यांना वाटतं. त्याच वर्गात कोणी शंभर वर्षांपूर्वीची जाडजूड इंग्रजी कादंबरी काखोटीला मारून फिरतो, तिची चाळीस पानंही झालेली नसतात, आणि तरी त्याला हुशार समजलं जातं. मी पहिल्याच तासाला स्पष्ट सांगते: ज्या पुस्तकात दर पानावर दहा ठिकाणी अडखळायला होतं ते खाली ठेवा, दुसरं घ्या. अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल कोणी काही विचारणार नाही.

सोपं पुस्तक ही विद्वानांना आता सुचलेली सोय नव्हे. याच वेस्ट यांनी १९२० च्या दशकात ढाक्यात शिक्षक-प्रशिक्षणाचं काम करताना ओळखलं होतं की पुढ्यात येणाऱ्या वाचनपुस्तकांत नवे शब्द भसाभसा येतात आणि विद्यार्थी बुडतो. त्यांनी मजकूर पुन्हा लिहायला घेतला, पन्नास शब्दांमागे एखादाच नवा शब्द यावा अशा बेताने. पन्नासात एक म्हणजे तेच ९८ टक्के.

"पण आमच्या विषयाचे लेख सोपे करता येत नाहीत," असं विज्ञान आणि अर्थशास्त्राचे सहकारी म्हणतात. त्यांचं म्हणणं रास्त आहे, आणि त्यावर मार्गही आहे. एकाच विषयावरचं वाचन एकाच वेळी, पायरीपायरीने द्यायचं. चलनवाढ हा विषय असेल तर आधी लहान मुलांच्या ज्ञानकोशातली एक नोंद, मग वर्तमानपत्रातली बातमी, मग लोकांसाठी लिहिलेला लेख, आणि चौथ्या आठवड्यात तो वीस पानांचा. तेच शब्द प्रत्येक पायरीवर परत भेटतात. 'राइज', 'डिमांड', 'अकाउंट्स फॉर' हे तोवर पाचदहा वाक्यांत वेगवेगळ्या अंगांनी दिसून गेलेले असतात. यात विषयाच्या शिक्षकाला दोन-तीन तास जास्त खपावं लागतं, एवढंच.

मुलं मोबाईलवर दिवसभर इंग्रजीच ऐकतात-वाचतात, मग वेगळं कशाला, असाही एक प्रश्न येतो. ऐकण्याचा फायदा आहेच, उच्चार सुधारतात, धीर चेपतो. पण बोललेल्या इंग्रजीत 'व्हेअरअ‍ॅज', 'नेव्हर्दलेस', 'इन सो फार अ‍ॅज' असे वाक्यं जोडणारे सांधे फारसे येत नाहीत, आणि विचाराची दोन टोकं याच सांध्यांनी जोडली जातात. दीड ओळीच्या संदेशात दुसऱ्या वाक्याला पहिल्याशी जुळवून घ्यावंच लागत नाही.

आता लेखनाबद्दल. निबंधांचा गठ्ठा तपासायला घेतला की पहिलं वाक्य न वाचताही मला सांगता येतं. 'आजच्या वेगवान जगात' अशा अर्थाचं एक ठरीव इंग्रजी वाक्य. विषय प्रदूषण असो, ऑनलाइन खरेदी असो की मुलींचं शिक्षण, दार तेच. शेवटही ठरलेला: 'नाण्याला दोन बाजू असतात.' हे वाक्य कुठून येतं हेही माहीत आहे. परदेशी शिक्षणासाठी घेतल्या जाणाऱ्या आयेल्ट्ससारख्या परीक्षेत चाळीस मिनिटांत किमान २५० शब्दांचा निबंध लिहावा लागतो, आणि त्याच्या तयारीसाठी साचे विकत मिळतात. रिकाम्या जागी विषयाचं नाव भरायचं. विद्यार्थ्याला मी दोष देत नाही. ज्याने आयुष्यात दहा चांगले इंग्रजी निबंध शेवटपर्यंत वाचले नाहीत, त्याला निबंध कसा सुरू होतो हे कळणार कुठून? त्याच्याकडे वाचलेलं असं काही नाही, मग तो विकतचं वापरतो.

मी स्वतः बरीच वर्षं या दुखण्यावर लाल पेन चालवत राहिले. एकदा एका मुलाचा निबंध परत दिला, दीड पानात सत्तावीस लाल खुणा होत्या. त्याने कोपऱ्यातला आकडा पाहिला, कागदाची चौघडी केली आणि वहीत सरकवली. पुढच्या आठवड्याच्या निबंधात त्याच चुका होत्या, पण खुणा निम्म्या झाल्या होत्या, कारण निबंधच निम्मा होता. कमी लिहिलं की कमी चुकतं, एवढं त्याला माझ्याकडून शिकायला मिळालं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

जॉन ट्रस्कॉट या भाषाशिक्षणाच्या संशोधकांनी १९९६ साली असा दावा केला की दुसऱ्या भाषेतल्या लेखनातल्या व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देण्याने लेखन सुधारत नाही, उलट नुकसान होतं, तेव्हा ही पद्धत बंदच करावी. त्याच क्षेत्रातल्या डाना फेरिस यांनी १९९९ साली त्यांना उत्तर दिलं. दुरुस्तीच्या सगळ्या तऱ्हा सारख्या नसतात, निवडक आणि स्पष्ट दुरुस्तीचा उपयोग होऊ शकतो, असं त्यांचं म्हणणं. हा वाद पुढेही चालू राहिला. माझा अनुभव फेरिस यांच्या बाजूचा आहे, पण ट्रस्कॉट यांचा इशारा मी विसरत नाही. एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीवर बोट ठेवते, तेही विद्यार्थ्याला ती स्वतःला सापडण्याजोगी असेल तरच. 'अ' आणि 'द' या उपपदांच्या चुका तर मी पहिल्या वर्षी मोजतच नाही. मराठी, रशियन, जपानी, चिनी या भाषांत तशी उपपदं नाहीत. त्या घरांतून आलेल्या माणसाला 'द' कुठे येतो हे नियमाने पाठ करून येत नाही. हजारो वाक्यांत तो जिथे जिथे बसलेला असतो तिथे तो पाहत राहिलं की हळूहळू कानाला खटकायला लागतं. खटकायला लागेपर्यंत शिक्षकाने धीर धरावा.

माझ्या वर्गात आता प्रत्येक तासाची शेवटची दहा मिनिटं लिहिण्याची असतात. जे वाचलं त्याबद्दल, हाताने, वहीत. पुस्तकातल्या कोणाचा राग आला, पुढे काय होईल, आपण असतो तर काय केलं असतं. मी वाचते, दोन ओळींत उत्तर लिहिते, चुकांना हात लावत नाही. एका मुलीच्या वहीत तिसऱ्या महिन्यात एक वाक्य आलं: 'शी डिड नॉट स्पीक टू हिम अनटिल द लेटर केम.' पत्र येईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. बिनचूक. हाच 'अनटिल' मी पहिल्या महिन्यात फळ्यावर नियमासह शिकवला होता आणि चाचणीत तिने तो तीनही वाक्यांत चुकवला होता. हे कसं जमलं, म्हणून विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. आपण काही विशेष लिहिलंय हे तिच्या गावीही नव्हतं. "पुस्तकात सारखं असंच येतं ना," एवढंच म्हणाली. त्या वेळी ती तिची अकरावी सोपी कादंबरी वाचत होती.

नुसतं वाचून सगळं होईल असं मात्र मी म्हणणार नाही. कॅनडात इंग्रजी घरांतल्या मुलांना शाळेत बरेचसे विषय फ्रेंचमधून शिकवण्याचे वर्ग चालतात. त्यांचा अभ्यास करून भाषाशास्त्रज्ञ मेरिल स्वेन यांनी १९८५ साली दाखवलं की कित्येक वर्षं फ्रेंच ऐकून-वाचून या मुलांना समजायला उत्तम लागलं होतं, पण बोलण्या-लिहिण्यात ती फ्रेंच मुलांच्या मागेच राहिली होती. समजून घेताना अर्थाचा अंदाज बांधून पुढे जाता येतं. लिहिताना क्रियापदाचं रूप ठरवावंच लागतं, तिथे अंदाज चालत नाही. अमुक एक गोष्ट मला म्हणायची आहे आणि त्यासाठीचा शब्द माझ्याकडे नाही, हे माणसाला लिहितानाच कळतं. मग पुढच्या वेळी वाचताना तोच शब्द त्याच्या डोळ्यांत भरतो. वाचन आणि लेखन या दोन्हींचे वेगवेगळे पेपर, वेगवेगळे शिक्षक आणि वेगवेगळी पुस्तकं करून आपण हा धागाच कापून टाकला आहे.

आणि आपल्याकडे शब्द नाही हे लिहिताना कळण्याचा नेमका तोच क्षण आता यंत्र हिरावून घेत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं, त्याआधीपासून भाषांतराची यंत्रं होतीच. विद्यार्थी मातृभाषेत किंवा मोडक्या इंग्रजीत परिच्छेद टाकतो, गुळगुळीत इंग्रजी परत येतं. एका विद्यार्थ्याला मी त्याचा मूळ परिच्छेद आणि यंत्राने परत दिलेला परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून विचारलं, यातले तीन बदल दाखव आणि ते का केले असतील ते सांग. त्याला बदल दिसत होते, पण एकाही बदलाचं कारण सांगता येत नव्हतं. त्याच्या मूळ परिच्छेदात एक वाक्य मोडकं होतं, पण त्यात आजीच्या आजारपणाबद्दल त्याचं स्वतःचं असं काही होतं. गुळगुळीत परिच्छेदातून ते पुसलं गेलं होतं, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

बंदी घालून हे थांबणार नाही आणि पकडापकडीत मला रस नाही. चोर-पोलिसांच्या नात्यात कोणी कोणाकडून भाषा शिकत नाही. विद्यार्थी यंत्राकडे का वळतो, हा प्रश्न महत्त्वाचा. त्याच्याकडून आपल्याला न झेपणाऱ्या विषयावर, न वाचलेल्या मजकुराच्या आधारे, निर्दोष इंग्रजीत, ठरलेल्या तारखेला निबंध हवा असतो आणि मोडक्या वाक्याला गुण कापले जातात. अशा मागणीला यंत्र हेच शहाणपणाचं उत्तर आहे. मागणी बदला. वर्गात, समोर, दहा मिनिटांत, आपण वाचलेल्या गोष्टीबद्दल, चुका माफ असलेलं लेखन मागा. तिथे यंत्राची गरजच पडत नाही. घरी लिहिलेल्या दीर्घ निबंधाला यंत्र वापरलं तरी माझी हरकत नसते, अट एकच: आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही मसुदे जोडायचे आणि कोणते बदल स्वीकारले, कोणते नाकारले ते लिहायचं. नाकारलेला बदल मी आधी वाचते. यंत्राला नाही म्हणण्याएवढी भाषा ज्याला आली, त्याची काळजी मी सोडून देते.

विद्यापीठाने काय करावं, याबद्दल माझी मागणी फार मोठी नाही. इंग्रजीच्या दर आठवड्याच्या तासांपैकी एक तास नुसता वाचायला द्यावा, वर्गात, शांतपणे, आणि त्या तासाला शिक्षकानेही पुस्तक घेऊन वाचत बसावं, हजेरीपत्रक भरत नव्हे. सोप्या पुस्तकांचं कपाट उघडावं. आणि अंतर्गत गुणांपैकी काही गुण वाचनाच्या प्रमाणाला द्यावेत. गुणांशिवाय विद्यार्थी वाचणार नाहीत, हे मला आवडत नसलं तरी खरं आहे. निदान पहिली पाच पुस्तकं तरी गुणांच्या जोरावरच वाचली जातात. सहाव्यापासूनचं वेगळं असतं.

यावर पहिली शंका हमखास येते ती फसवणुकीची. न वाचताच पुस्तकांची नावं लिहून देतील. काही जण देतील. म्हणून मी चाचणी घेत नाही, गप्पा मारते. महिन्यातून एकदा प्रत्येक विद्यार्थ्याशी पाच मिनिटं, त्याने वाचलेलं पुस्तक मध्ये ठेवून. मधलं कुठलंतरी पान उघडायचं आणि विचारायचं, इथे काय चाललंय? वाचलेल्याचा चेहरा वेगळा असतो, तो पानावर नजर टाकतो आणि लगेच मागचं-पुढचं सांगायला लागतो. न वाचलेला ओळी वाचायला सुरुवात करतो. यात पकडणं-सोडणं काही नसतं. न वाचलेल्याला मी म्हणते, हे नाही आवडलं ना, मग दुसरं घेऊन जा.

दुसरी शंका वेळेची. चाळीस विद्यार्थ्यांशी पाच-पाच मिनिटं म्हणजे दोनशे मिनिटं, महिन्याला साडेतीन तासांच्या आत. चाळीस निबंधांचा एक गठ्ठा लाल पेनाने तपासायला मला याहून जास्त वेळ लागायचा.